मदत हवी आहे: नगरपरिषदेकडे कुत्र्यांचं निर्बीजीकरण (नसबंदी) केंद्रच नसेल तर?

आमचं गाव लहान, महानगरपालिका नाही. गल्लीत सात-आठ भटकी कुत्री आहेत, त्यातल्या एकीला नुकतीच पिल्लं झालीत. चावल्याची तक्रार अजून नाही.

नगरपरिषदेत लेखी अर्ज दिला, पोचही आहे. उत्तर एकच: "आमच्याकडे केंद्र नाही, डॉक्टर नाही." एका साहेबांनी तर गाडीत घालून लांब सोडायला सुचवलं! २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि रेबीजची लस ही स्थानिक संस्थेची जबाबदारी, आणि नंतर कुत्रं त्याच जागी सोडायचं असतं. हे सांगून झालं. खासगी डॉक्टरांकडे सगळ्यांची शस्त्रक्रिया वर्गणीतून परवडणारी नाही. शिबिर घ्यावं म्हटलं, तर संस्थेला प्राणी कल्याण मंडळाची मान्यता लागते. जवळपास तशी संस्था सापडली नाही. दत्तक घ्या, हे कृपया सुचवू नका, पिल्लांसाठी ते चालूच आहे.

नेमकं विचारायचंय ते असं: शेजारच्या महानगरपालिकेच्या केंद्रात आपली कुत्री पाठवण्याचा करार कुठल्या नगरपरिषदेने केलाय का? केला असल्यास ठराव कुणी मांडला, आणि खर्च कुठल्या निधीतून दाखवला?