शिंजिराच्या (सनबर्डच्या) गळ्याला गूल्डच्या चित्रांसारखी झळाळी कशी आणायची?

कुंचला_सातारा
इंग्रज पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्डच्या हमिंगबर्डच्या शिळाछाप चित्रांत (१८४९-६१, एकूण ३६० चित्रं) गळा कागद हलवला की पेटल्यासारखा दिसतो. तोच परिणाम नर शिंजिराला द्यायचाय, सोबत पांगाऱ्याचा तुरा. कागद जाड (३०० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम), गुळगुळीत. मेटॅलिक जलरंग करडा पडतो आणि सोनेरी वर्खावर जलरंग थेंब होऊन गोळा होतो. काय चुकतंय?

वर्खवाला
जलरंगच चुकतोय. धातूवर तो धरत नाही. गूल्डकडे वर्खावर पारदर्शक तेलरंग आणि व्हार्निश चढवायचे. प्रकाश रंगातून जाऊन धातूवरून परततो, म्हणून चकाकी. पांढरा मिसळलात की संपलं.

बाकी सगळं जलरंगाचं काम आधी उरका. मग गळ्यापुरते पातळ जिलेटिनचे दोन हात द्या, नाहीतर तेल कागदात झिरपून भोवती पिवळट कडा येते. त्यावर पाण्यात विरघळणारा गोल्ड साइज, म्हणजे वर्ख चिकटवायचा गोंद. दुधाळपणा जाऊन तो पारदर्शक आणि चिकट झाला की वर्ख ठेवा. साधारण १५ ते ३० मिनिटं, पावसाळ्यात जास्त. घाई केली की वर्ख सरकतो. बटर पेपरवरून दाबा, दुसऱ्या दिवशी मऊ कुंचल्याने जादा झटका. आजूबाजूला आधी टाल्कम भुरभुरा, म्हणजे वर्ख नको तिथे बसणार नाही.

निळीशाई
एक महत्त्वाचं राहिलं. शिंजिराचा गळा जांभळा. सोन्यावर पारदर्शक निळा हिरवट होतो, जांभळा मळकट. डोक्याच्या हिरव्याला सोनं ठेवा, गळ्याखाली अ‍ॅल्युमिनियमचा वर्ख घ्या. मिठाईवरचा चांदीचा वर्ख मात्र नको, काळा पडतो. स्वस्त 'सोनेरी' वर्ख पितळी असतो, तोही काळवंडतो.

सांगलीकर_पक्षी
तंत्र झालं, आता पक्षी. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतले, शिंजिराचं कूळच वेगळं. तो बहुतेक वेळा फांदीला धरून बसून मध पितो, त्यामुळे पंख पसरून हवेत थबकलेला काढू नका. पांगाऱ्याच्या देठावर पाय टेकवा, मान वाकवा.

आणि गूल्डच्या चित्रांत कोणत्या पक्ष्यासोबत कोणतं फूल दाखवलंय, तेही डोळे झाकून मानू नका. त्यांनी जिवंत हमिंगबर्ड पाहिला तो १८५७ मध्ये, तेव्हा कितीतरी चित्रं छापूनही झाली होती.

कुंचला_सातारा
अ‍ॅल्युमिनियमवर जांभळ्या तेलरंगाचे किती थर?

निळीशाई
दोन-तीन, पाण्यासारखे पातळ. प्रत्येक पूर्ण वाळल्यावरच पुढचा. तिसऱ्यानंतर चकाकी दबायला लागते.