मदत हवी आहे: पंधरा वर्षे वापरायच्या गाडीतले सॉफ्टवेअर किती वर्षे टिकेल, हे खरेदीपूर्वी कसे ओळखावे?

नमस्कार. नवीन गाडी घ्यायची आहे आणि दोन मॉडेलांवर येऊन गाडे अडले आहे. पहिल्या गाडीचा जवळजवळ सगळा कारभार मधल्या मोठ्या टचस्क्रीनवरून चालतो. एसी आणि काचेवरचे बाष्प घालवणारा डिफॉगर तर आहेच, पण एसीचा झोत कोणत्या बाजूला वळवायचा हेसुद्धा स्क्रीनवर बोट सरकवून ठरवावे लागते. या गाडीला इंटरनेटवरून परस्पर अपडेट मिळतात. दुसऱ्या गाडीची स्क्रीन लहान आहे, एसीला फिरवायचे नॉब आहेत आणि नकाशे व गाणी यांसाठी अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेमधून आपलाच फोन वापरायचा असतो. इंजिन, जागा आणि सुरक्षितता यांत दोन्ही गाड्या तुल्यबळ वाटल्या, त्यामुळे त्याबद्दल येथे विचारत नाही.

आमच्या मित्रमंडळींच्या ग्रुपवर या विषयावरून बरीच खडाजंगी झाली. अपडेटवाल्यांचा हुकमी एक्का म्हणजे टेस्ला मॉडेल ३. 2018 साली एका चाचणीत तिचे ब्रेक कमी पडल्याचे दिसले आणि काही दिवसांतच केवळ सॉफ्टवेअर बदलून तिचे थांबण्याचे अंतर 19 फुटांनी कमी करण्यात आले. गाडी सर्व्हिस सेंटरला न्यावीही लागली नाही. याउलट 2015 मध्ये दोन संशोधकांनी धावत्या जीप चेरोकीचा ताबा दुरून, इंटरनेटमार्फत घेऊन दाखवला, तेव्हा कंपनीला सुमारे 14 लाख गाड्यांसाठी रिकॉल जाहीर करावा लागला आणि दुरुस्तीचे सॉफ्टवेअर मालकांना पेनड्राइव्हवर टपालाने धाडावे लागले. बटणवाल्यांकडे 2022 मधली एका स्वीडिश मासिकाची चाचणी आहे. ताशी 110 किलोमीटर वेगाने जाताना चार साधी कामे करायला 2005 च्या व्होल्वो व्ही७० मध्ये 10 सेकंद लागले, तर सर्वांत संथ ठरलेल्या टचस्क्रीनच्या गाडीत 44.9 सेकंद, म्हणजे तेवढ्या वेळात गाडी 1,372 मीटर पुढे गेली होती. टेस्ट ड्राइव्हच्या वेळी मलाही याची चुणूक मिळाली: रस्ता खडबडीत असला की बोट हमखास शेजारच्या चिन्हावर पडते.

दोन्ही बाजूंचे मुद्दे मला पटतात, पण ते आजच्या, नव्याकोऱ्या गाडीबद्दलचे आहेत. मला दहाव्या वर्षाची चिंता आहे. इंजिन, गिअरबॉक्स, पत्रा यांचे आयुष्य साधारणपणे कळते. मेकॅनिक गाडीभोवती एक फेरी मारून ते सांगतो. सॉफ्टवेअर आणि त्याखालची चिप यांच्याबद्दल असे सांगणारा कोणी भेटत नाही. 2021 मध्ये टेस्लाने मॉडेल एस आणि मॉडेल एक्सच्या सुमारे 1 लाख 35 हजार गाड्यांचा रिकॉल केला, त्याचे कारण जेमतेम 8 जीबीची एक मेमरी चिप होती. अशा चिपवर माहिती लिहिण्या-पुसण्याच्या फेऱ्या ठरावीकच होतात. स्क्रीनची यंत्रणा तिच्यावर सतत नोंदी लिहीत राहिली आणि काही वर्षांत चिप झिजली. परिणामी स्क्रीन बंद पडून मागचा कॅमेरा आणि डिफॉगरची नियंत्रणेही जाण्याचा धोका निर्माण झाला. गाडीच्या बाहेरूनही घाव येतोच. 2022 मध्ये अमेरिकेतले थ्रीजी नेटवर्क बंद झाले, तेव्हा त्यावर अवलंबून असलेल्या अनेक गाड्यांच्या ऑनलाइन सोयी बंद पडल्या. गाड्या मात्र ठणठणीत होत्या.

फोनवर विसंबणारी दुसरी गाडीही पूर्णपणे निर्धोक आहे असे नाही, कारण अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले द्यायचे की नाही हे शेवटी उत्पादकच ठरवतो; जनरल मोटर्सने 2023 मध्ये आपल्या पुढच्या इलेक्ट्रिक गाड्यांतून ते वगळण्याचा निर्णय घेतलाच. तरी फोन आपण काही वर्षांनी बदलतोच, आणि त्याबरोबर नकाशेही ताजे होतात, हा मला मोठा फायदा वाटतो.

शोरूममध्ये विचारले असता "लाइफटाइम अपडेट आहेत" असे उत्तर मिळाले. लाइफटाइम कोणाचे, गाडीचे, मॉडेलचे की कंपनीचे, हे मात्र विक्रेत्यालाही सांगता आले नाही. तेव्हा जाणकारांना विनंती आहे की, सॉफ्टवेअरचे आयुष्य जोखण्यासाठी खरेदीपूर्वी नेमके काय तपासावे, आणि कंपनीकडून कोणती गोष्ट लेखी मागावी, हे कृपया सांगावे. स्क्रीन चांगली की बटणे, हा वाद येथे नको. तो ग्रुपवर पुरेसा झाला आहे.

प्रतिसाद १

मी वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ब्रेक, स्टिअरिंग, इंजिन यांचे कंट्रोलर वेगळे असतात आणि स्क्रीनचा संगणक वेगळा. स्क्रीन काळी पडली म्हणून गाडी रस्त्यात उभी राहत नाही. प्रश्न येतो तो एसी आणि डिफॉगरसारख्या कामांचा. त्यांचेही कंट्रोलर स्वतंत्रच असतात, पण त्यांना हुकूम द्यायला स्क्रीनखेरीज दुसरा मार्गच ठेवला नसेल, तर धडधाकट यंत्रणा असूनही तुम्ही हात चोळत बसता.

यासाठी एक साधी परीक्षा आहे. गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवा आणि विक्रेत्याला स्क्रीन रीस्टार्ट करायला सांगा. बहुतेक गाड्यांत एखादे बटण दाबून धरले की ते होते. स्क्रीन परत येईपर्यंत काय काय चालते ते पाहा. एसीचा वेग बदलतो का, डिफॉगर लागतो का, रिव्हर्स टाकल्यावर कॅमेरा दिसतो का, इंडिकेटरचा टिकटिक आवाज येतो का. दहाव्या वर्षी स्क्रीन दगावली तर गाडी कशी वागेल, याचा बराचसा अंदाज त्या मिनिटभरात येतो.

लेखी मागायचे ते दोन बाबतींत. सुरक्षाविषयक अपडेट विक्रीच्या तारखेपासून किती वर्षे मिळतील, हे पहिले. 'लाइफटाइम' हा शब्द चालवून घेऊ नका. दुसरे म्हणजे स्क्रीनचे युनिट बदलायची वेळ आली तर ते सुटे मिळते का आणि त्याची गाडीशी जोडणी कोण करून देतो. कित्येक गाड्यांत हे युनिट गाडीच्या क्रमांकाशी बांधलेले असते, त्यामुळे जुन्या गाडीतून काढलेले युनिट आणून बसवले तरी कंपनीच्या यंत्रणेतून मान्यता मिळेपर्यंत ते चालत नाही.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. एक भर घालतो: कंपनी संयुक्त राष्ट्रांचा नियम 156 पाळते का, हे विचारा. हा नियम सॉफ्टवेअर अपडेटविषयी आहे. परस्पर अपडेट अर्ध्यात फसले तर गाडी आधीच्या आवृत्तीवर परत गेली पाहिजे किंवा सुरक्षित स्थितीत राहिली पाहिजे, अशी त्यात अट आहे. युरोपीय संघात जुलै 2024 पासून सर्व नव्या गाड्यांना तो लागू आहे. दोन्ही मॉडेले तेथे विकली जात असतील, तर तुमचे निम्मे काम झाले.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. रीस्टार्टची परीक्षा दोन्ही गाड्यांवर करून पाहतो आणि निकाल येथेच लिहितो. एक उपप्रश्न राहिला आहे: पहिल्या गाडीच्या ऑनलाइन सोयी मालकाच्या खात्याशी जोडलेल्या आहेत. पुढे गाडी विकली तर ते खाते नव्या मालकाच्या नावे होते, की त्या सोयी माझ्याबरोबरच संपतात?

प्रतिसाद १

ते कंपनीगणिक बदलते. काही ठिकाणी सोय गाडीला दिलेली असते, काही ठिकाणी खरेदीदाराला. करारातले 'हस्तांतरण' हे कलम शोधा, आणि ते नसेल तर ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवा. आणि विकताना गाडी फॅक्टरी रीसेट करायला विसरू नका. फोनवरून आलेले संपर्क आणि घराचा पत्ता स्क्रीनच्या मेमरीत तसेच राहतात.