अर्धशिशी टाळायला बी-२ आणि मॅग्नेशियम: गुण की मनाचे खेळ?

खडीसाखर:
महिन्यातून सहा-सात वेळा अर्धं डोकं ठणकायचं. उजेड नको, फोडणीचा वास नको, शेवटी उलटी. ती टाळायच्या रोजच्या औषधांपैकी प्रोप्रॅनोलॉल दम्यामुळे चालत नाही, अमिट्रिप्टिलिनने दिवसभर पेंग. म्हणून डॉक्टरांना विचारून बी-२ जीवनसत्त्व (रायबोफ्लेविन) ४०० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम सुरू केलं. चौथा महिना चालू आहे, गेल्या महिन्यात दोनदाच दुखलं. घरचे म्हणतात, पैसे पाण्यात. माझं म्हणणं, ज्यांना रोजची औषधं सोसत नाहीत त्यांनी हे जरूर करून बघावं.

संशयात्मा:
पैसे पाण्यात हे तर शब्दशः खरं! बी-२ ची रोजची गरज दोन-तीन मिलिग्रॅम. तुम्ही चारशे घेता. बरंचसं लघवीतून जातं, म्हणून तर ती पिवळीजर्द होते. आणि माणूस उपाय सुरू करतो तो अगदी कहर झालेल्या महिन्यात. त्यानंतर दुखणं आपोआपही उतरतं. श्रेय मात्र गोळीला.

खडीसाखर:
पिवळ्याचं मान्य. पण १९९८ साली ५५ रुग्णांवर चाचणी झाली होती, तीन महिने. ज्यांचं दुखणं निम्म्याने किंवा त्याहूनही जास्त घटलं असे बी-२ च्या गटात ५९ टक्के, नुसत्या दिखाऊ (औषध नसलेल्या) गोळीवाल्यांत १५ टक्के. उतार आपोआपच यायचा असता तर दोन्हीकडे सारखाच आला असता ना?

संशयात्मा:
५५ माणसं म्हणजे आमच्या सोसायटीची एक विंगसुद्धा नाही. तेवढ्यावर कायमचा खर्च? तेही अशा गोळ्यांवर, ज्या आपल्याकडे बहुधा औषध म्हणून नाही, तर खाद्य म्हणून एफएसएसएआयच्या नियमाखाली विकल्या जातात.

पाटावरवंटा काकू:
अगं, एवढे आकडे कशाला? आमच्याकडे सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी देत. सुंठ उगाळून कपाळाला लेप. वैद्यांचा पथ्यादि काढाही आहे. वनस्पतीच त्या, त्यांनी काय अपाय होणार?

ओपीडीबाहेरचा:
काकू, नेमकं हेच वाक्य धोक्याचं. बटरबर नावाची युरोपातली वनस्पती आहे. २०१२ मध्ये अमेरिकन न्यूरॉलॉजी अकादमीच्या मार्गदर्शिकेत अर्धशिशी टाळण्यासाठी तिला सगळ्यात वरचा दर्जा होता, मॅग्नेशियम आणि बी-२ च्याही वर. पण तिच्यात मुळातच यकृताला घातक अल्कलॉइड असतात. ते काढून टाकलेला अर्क घेऊनही काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आल्या आणि २०१५ मध्ये ती मार्गदर्शिकाच मागे घ्यावी लागली. गुण होता, तरीही! फीवरफ्यू ही दुसरी वनस्पती. तिची पानं चघळून तोंड येतं, गरोदरपणी तर ती वर्ज्यच.
सुंठीचं म्हणाल तर रोज आल्याचा अर्क देऊन तीन महिने चाचणी झाली आहे. दुखणं टाळण्यात दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरला नाही. लेपाने बरं वाटत असेल तर लावा की, त्याला कोण नाही म्हणतंय.

पाटावरवंटा काकू:
बरं बाबा. जिलबीवर चाचणी झाली की कळव, मी नाव देते.

ओपीडीबाहेरचा:
:) खडीसाखर, तुमच्या बाजूने एक बोलतो. बी-२ ने फारसं बिघडत नाही. मॅग्नेशियमने जुलाब होतात, मूत्रपिंड अधू असेल तर न विचारता घेऊच नये. माझ्या मते खरा घोळ या गोळ्यांचा नाहीच, पर्समधल्या पेनकिलरचा आहे. महिन्यात पंधरा दिवस साधी पेनकिलर किंवा दहा दिवस ट्रिप्टान (अर्धशिशी उठल्यावर घ्यायची खास गोळी), असं महिनोन्‌महिने चाललं की त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. तुम्ही किती घेत होता?

खडीसाखर:
बारा-तेरा दिवस. साधीच. आता तीन-चार.

संशयात्मा:
घ्या! मग गुण बी-२ चा की पेनकिलर कमी झाल्याचा?

खडीसाखर:
दुखणं कमी झालं म्हणून पेनकिलर कमी झाली, असंही असेल की.

संशयात्मा:
असेल. दोन महिने बी-२, मॅग्नेशियम बंद ठेवा, वहीत तारखा लिहा. वाढलं तर मी शब्द मागे घेतो.

खडीसाखर:
वही आहेच. पण पुढच्या महिन्यात नणंदेचं लग्न आहे. बँड, डीजे, सगळं. ते पार पडू दे, मग बंद करते.