वेगासला दोन रात्री: न पिणाऱ्या, न खेळणाऱ्या माणसांनी करायचं काय?

त्रिमूर्तीनगरचे_आजोबा

नमस्कार मंडळी. जूनमध्ये आम्ही दोघं मुलाकडे चाललोय, लॉस एंजेलिसजवळ. त्याला शुक्रवार-शनिवार-रविवार सुट्टी मिळतेय आणि त्यानं परस्पर ठरवून टाकलं, "बाबा, लास वेगास." आता मी आयुष्यात पत्ते कुटले ते पोळ्याच्या करीला, तेही शेंगदाण्यांवर. सौ.चे गुडघे दुखतात. नात सहा वर्षांची. मला ग्रँड कॅन्यन बघायचाय, तर मुलगा म्हणतो तिथूनच एका दिवसात होतो. खरंच होतो का? आणि उन्हाचं काय? नागपूरकराला उन्हाची भीती कोणी दाखवू नये, पण विचारलेलं बरं.

इतवारीचा_भौ

काकाजी, ऊन काऊन विचारता? आपल्या इकडं ४५ मंदी लोकं घाम पुसत पुसत तर्रीपोहे खातेत. तिथलं बी कोरडंच हाय. दुपट्टा बांधा अन् फिरा बिनधास्त.

कूलरची_टाकी

भौ, तुझा दुपट्टा मान्य, पण काकाजींना असं पाठवू नको.

मी २०२३ च्या जूनमध्ये सासू-सासऱ्यांना घेऊन गेले होते. ऊन आपल्यासारखंच, घाम दिसायच्या आत वाळून जातो. फरक एवढाच की नागपुरात आपण दुपारी एक ते पाच पडदे ओढून, कूलर लावून पडतो. तिथे पाहुणा नेमका त्याच वेळात रस्त्यावर असतो. ७ जुलै २०२४ ला तिथे ४८.९ अंश नोंदले गेलेत, तेव्हा हिंमत दाखवायची ती सकाळी आठच्या आत किंवा दिवे लागल्यावर.

दुसरी फसगत अंतराची. मोठी हॉटेलं ज्या रस्त्यावर आहेत ती 'स्ट्रिप' पावणेसात किलोमीटरच्या आसपास आहे. इमारती इतक्या प्रचंड की समोरचं हॉटेल बर्डीतल्या पलीकडच्या दुकानाएवढं जवळ वाटतं. सासूबाई म्हणाल्या, "हे काय, इथंच तर आहे." त्या 'इथंच'ला आम्हाला पस्तीस मिनिटं लागली, कारण बऱ्याच ठिकाणी रस्ता खालून ओलांडता येत नाही. पुलावर चढायचं, उतरायचं, आणि प्रत्येक वाट फिरून फिरून तुम्हाला एखाद्या कॅसिनोच्या पोटातून काढते. काकूंच्या गुडघ्यांसाठी व्हीलचेअर भाड्याने घ्या, लाजू नका. आत एसी इतका कडक की शाल लागतेच.

फुकटात बघण्यासारखं मात्र भरपूर. बेलाजिओ हॉटेलपुढची कारंजी संध्याकाळी दर पंधरा मिनिटांनी नाचतात, कठड्याला टेकून दोन-तीन खेळ बघा. त्याच हॉटेलात फुलांची बाग आहे, ऋतूप्रमाणे बदलते. व्हेनिशियन हॉटेलमध्ये छतावर आकाश रंगवलंय आणि खाली कालवा, त्यात नावा. नात तिथून हलणार नाही. तिला कॅसिनोतून चालत नेता येतं, पण जुगाराच्या मशीनपाशी उभं राहू देत नाहीत. खेळायचं वय २१.

आता माझं दुखणं ऐका. हॉटेलचं नाव घेत नाही. खोलीत फ्रीज होता, त्यात कोल्ड्रिंकच्या बाटल्या आणि चॉकलेटं खच्चून भरलेली. सासऱ्यांना रात्री दहीभात लागतो, म्हणून मी सुनबाईपणाने दोन बाटल्या बाहेर काढून डबा आत सरकवला. सकाळी बाटल्या जिथल्या तिथे. बिलात ४६ डॉलर! खाली गेल्यावर कळलं, प्रत्येक बाटलीखाली सेन्सर असतो, उचलली की विकली. शिवाय फ्रीजमध्ये आपली वस्तू ठेवल्याचाही आकार. काउंटरवरच्या मुलीने अर्धे माफ केले, पण तोवर सासरेबुवांनी दहीभाताचा भाव घासाला किती पडला ते काढलेलं होतं. तुमचं इन्सुलिन-बिन्सुलिन असेल तर रिकामा फ्रीज वेगळा मागून घ्या. खोलीच्या भाड्यावर 'रिसॉर्ट फी'ही असते, रात्रीला चाळीस-पन्नास डॉलर. बुकिंग करताना कर धरून शेवटचा आकडा बघायचा. आणि शुक्रवार-शनिवार तिथे सगळ्यात महाग. मुलाला सोमवार ते बुधवार सुट्टी बदलून मिळते का विचारा. रविवारी परतीच्या रस्त्यावर सगळं लॉस एंजेलिस तुमच्यासोबत असतं.

ग्रँड कॅन्यनच्या दरीचा सगळ्यांना माहीत असलेला दक्षिण काठ तिथून साडेचारशे किलोमीटर. जाऊन-येऊन नऊ तास गाडीत, सहा वर्षांच्या मुलीला घेऊन. मी तरी जाणार नाही. पश्चिम काठ दोन-सव्वादोन तासांवर आहे, काचेचा पूल तिथेच. पण ती हुआलापाई या आदिवासी जमातीची जमीन, तिकीट वेगळं आणि महाग. नॅशनल पार्कचा पास चालत नाही.

त्यापेक्षा हूवर धरण बघा, पाऊण तासात पोहोचता. १९३६ साली पूर्ण झालेलं, २२१ मीटर उंच. तोतलाडोहचं धरण बघितलेल्या माणसालाही मान मागे टाकावी लागते. मागे लेक मीड, आणि पाणी जिथवर होतं तिथवर खडकांवर पांढरा पट्टा, आपल्या पाण्याच्या टाकीत क्षाराचा बसतो तसाच. शहराचं बहुतेक पाणी याच तळ्यातून येतं. अर्धं धरण नेवाडात, अर्धं ॲरिझोनात, म्हणून पाण्यातल्या मनोऱ्यांवर दोन राज्यांची दोन घड्याळं. उन्हाळ्यात दोन्ही एकच वेळ दाखवतात, कारण तेव्हा नेवाडा घड्याळ तासभर पुढे करतं, ॲरिझोना करत नाही. सासरे तिथे अर्धा तास उभे. आदली रात्र कॅसिनोत घड्याळ शोधण्यात गेली होती ना, एक सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे रेड रॉक कॅन्यन. एकेरी रस्ता, वीसेक किलोमीटरचा, लाल डोंगर गाडीतूनच दिसतात. काकूंना उतरावंही लागणार नाही.

गणिताचे_सर

टाकीताईंनी सगळं सांगितलं, खेळाचं राहिलं. काकाजी, गेलातच आहात तर एकदा रुलेटपाशी, म्हणजे फिरत्या चाकावर गोळी टाकायच्या जुगारापाशी, उभे राहा, फक्त बघायला. तिथल्या चाकाला ३८ घरं: १ ते ३६, एक शून्य, आणि एक दुहेरी शून्य. एका आकड्यावर लावून जिंकलात तर ३५ पट मिळतात. ती दोन जास्तीची घरं म्हणजेच कॅसिनोवाल्याचा नफा, शंभर डॉलर लावले की सरासरी सव्वापाच त्याचे. स्ट्रिपवर काही टेबलांना तिसरं शून्यही आहे, तिथे पावणेआठच्या आसपास जातात.

इतवारीचा_भौ

म्हंजे सर, पोळ्याचे शेंगदाणेच बरे.

त्रिमूर्तीनगरचे_आजोबा

आभार. मुलाला फोन केला. सुट्टी मंगळवार-बुधवार-गुरुवार करून घेतो म्हणाला, कॅन्यन पुढच्या वेळी. फ्रीजचं सांगितलं तर हसला. मागे त्याचेही चॉकलेटचे अकरा डॉलर गेलेत, सूनबाईला सांगितलं नव्हतं. आता तिला कळलं. सौ. विचारतेय, शाल साधी चालेल की लोकरीची?

कूलरची_टाकी

साधी नको. थंडीत रामटेकला पहाटे नेतो ना, तसली.