गिअरची गाडी जोडीने शिकलात का? खान्देशकरांनो, आपापले अनुभव लिहा

जळगाव (धागा सुरू करतेय ती मीच)

मागच्या रविवारी पद्मालयाहून परत येताना एरंडोलला चहाला थांबलो, तर टपरीवरच्या एका ताईंनी विचारलं, गाडी तुमची का यांची? मी म्हणलं दोघांची, येताना यांनी आणली आता जाताना मी नेणार. त्या म्हणाल्या, आमच्याकडे मला स्कूटी शिकवली पण मोटरसायकलला हात लावू देत नाहीत, जड असते म्हणतात. वीस मिनिटं बोलत बसलो आणि घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच. आपल्याकडे असे किती जण असतील ज्यांनी नवरा-बायको मिळून गिअरची गाडी शिकली, कोणती गाडी घेतली, शिकवलं कोणी, पहिल्यांदा पडलात कुठे, सगळं लिहा.

सुरुवात माझ्यापासून. वय ४१, अकरा वर्षं स्कूटी चालवलेली, लायसन्सवर फक्त विदाऊट गिअर. हे पण स्कूटरवालेच, कॉलेजात मित्राची मोटरसायकल चार वेळा चालवली असेल तेवढंच. दीरांकडे जुनी स्प्लेंडर पडून होती ती आणली आणि एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी सकाळी सहाला जायला लागलो. पहिल्याच दिवशी चूक केली, मी चालवायला बसले आणि हे मागे. आधीच क्लच जमत नाही, त्यात मागे ७५ किलो वजन आणि कानात सारखं "क्लच, क्लच, अगं क्लच". गाडी सहा वेळा बंद पडली, आम्ही एकमेकांशी न बोलता घरी आलो आणि मी पोहे न करता झोपून गेले.

दुसऱ्या रविवारी दीर सोबत आले. त्यांनी एकच गोष्ट सांगितली आणि तिथून सगळं सुटत गेलं. मागे कोणी बसायचं नाही, अॅक्सिलेटरला हात लावायचा नाही, फर्स्ट टाकायचा आणि क्लच इतका हळू सोडायचा की गाडी आपणहून सरकायला लागेल, सरकली की परत दाबायचा. बस हेच. असं चाळीस-पन्नास वेळा. आधी मी, मग हे, परत मी. शंभर सीसीची गाडी सपाट रस्त्यावर नुसत्या क्लचवर सरकते हे मला माहीतच नव्हतं, आणि तो सरकायचा क्षण हाताला एकदा कळला की मग भीती उरत नाही. हे पण त्याच दिवशी शिकले, म्हणजे आमच्यात शिकवणारा कोणी नव्हताच, दोघंही विद्यार्थी. मला वाटतं आमचं जमलं ते त्यामुळे.

लायसन्सचं बऱ्याच जणींना माहीत नसतं म्हणून लिहिते. विदाऊट गिअरवर मोटरसायकल चालत नाही, त्याच लायसन्सवर विथ गिअर वाढवून घ्यावं लागतं, त्यासाठी परत लर्निंग काढायचं, ३० दिवस थांबायचं आणि मग गाडीवर टेस्ट द्यायची. लर्निंग सहा महिने चालतं, घाई करू नका. टेस्टला आठ काढायला, म्हणजे गाडी आठच्या आकड्यासारखी फिरवायला, आधी घरच्या गल्लीत विटा ठेवून सराव करा.

धुळे

ताई मस्त धागा. माझं वय ३४, बायको ३१, दोघंही नोकरीवाले. आम्ही मात्र उलट्या क्रमाने गेलो, आधी गाडी घेतली मग शिकलो. हंटर ३५० घेतली कारण दोघांनाही दिसायला आवडली. गाडी १८१ किलोची आणि सीट ७९० मिमी, बायकोची उंची पाच फूट एक, म्हणजे तिचे दोन्ही पाय धड टेकत नाहीत, एका बाजूला झुकून एकच पाय पूर्ण टेकतो. शोरूममध्ये स्टँडवर बसून बघितलं होतं, तिथे सगळं छान वाटलं भो, गाडी स्टँडवरून काढून दहा पावलं मागे-पुढे ढकलून बघायला पाहिजे होती ते तेव्हा सुचलं नाही.

पहिल्यांदा पडली ती चालू गाडीवर नाही, थांबताना. देवपुरात आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर, हँडल वळलेलं असताना तिने पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी हळूच आडवी झाली. तिला काही लागलं नाही पण रडायला आलं, आणि मी मूर्खासारखा आधी गाडीकडे धावलो. ते ती आजही विसरलेली नाही आणि बरोबरच आहे तिचं. तेव्हापासून आमच्या घरात नियम, गाडी पडली की आधी माणूस, मग माणूस, मग गाडी.

त्यानंतर आम्ही दोघंही पडलेली गाडी उचलायला शिकलो. इंजिन बंद करायचं, गाडी गिअरमध्ये टाकायची म्हणजे उठवताना घरंगळत नाही, उजव्या बाजूला पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवायचा. मग पाठ सीटला लावायची, एक हात हँडलला एक हात मागच्या दांडीला, कंबर न वाकवता मांड्यांच्या जोरावर मागे मागे पावलं टाकत उठवायची. बायकोने ५५ किलो वजनात ती गाडी एकटीने उठवली तेव्हा आमच्या आईने ओट्यावरून "माय व!" केलं आणि साखर आणून तोंडात घातली. आधी हीच आई म्हणत होती, आते बाया बी फटफटी चालावतीन का.

अजून एक, ज्यांनी जळगावच्या ताईंसारखी स्प्लेंडरवर सुरुवात केली त्यांच्यासाठी. स्प्लेंडरला सगळे गिअर पुढे दाबत वाढवायचे असतात, आणि आमच्या गाडीला पहिला खाली, बाकीचे चार वर उचलायचे. मी वडिलांच्या स्प्लेंडरवर वाढलेलो, एकदा लळिंगकडे जाताना साठच्या स्पीडला गिअर वाढवायच्या नादात दाबला आणि गाडीने असा झटका दिला की मागचं चाक ओरडलं. दोन्ही गाड्या घरात असतील तर निदान पहिले महिना-दोन महिने एकच चालवा.

आणि उन्हाचं. आपला हायवे धुळे पारोळा एरंडोल जळगाव भुसावळ असा सरळ पूर्व-पश्चिम, म्हणजे सकाळी जळगावकडे निघाल तर सूर्य तोंडावर आणि संध्याकाळी परत येताना पण तोंडावर. नवीन असताना ट्रकच्या मागे डोळे दिपलेले असणं फार वाईट. आम्ही लळिंग, सोनगीर असं दक्षिण-उत्तर जात राहिलो पहिले तीन महिने, नंतरच पारोळ्याकडे.

रावेर तालुका

आमचं शौक म्हणून नाही, गरज म्हणून झालं. शेताला लाइट रात्रीची यायची, यांच्या कमरेचं दुखणं, मग मोटर चालू करायला जायचं कोणी. सासऱ्यांनीच मला सांगितलं, तू शिक बेटा. शाइन १०० घेतली, हलकी आहे, गाळात फसली तर ओढून काढता येते. मी वावराच्या बांधावर शिकले, डांबरीवर नंतर आले.

आता बऱ्हाणपूरला गेलो की जाताना हे, येताना मी. ह्यांना कमरेला आराम आणि मला पण बरं वाटतं.

नवीन लोकांनी आमच्याकडे पावसाळ्यात येताना एक बघा, ट्रॅक्टर वावरातून रस्त्यावर चढतो तिथे काळ्या मातीचा लपका पडलेला असतो, त्यावर पाऊस पडला की साबण. केळीची कापणी चालू असेल तर पानं, केळीच्या खांबाचे म्हणजे खोडाचे तुकडे पण रस्त्यावर. तिथे ब्रेक मारायचा नाही, त्याच्या आधीच गाडी हळू करायची आणि सरळ जाऊ द्यायची. ओढणी गाठ मारून कुर्त्याच्या आत. माझ्या जावेची ओढणी मागच्या चाकात गेली होती, देवाने वाचवलं.

भुसावळ

मी ६१, सौ. ५७. रेल्वेतून रिटायर झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, आम्ही मोटरसायकल शिकलो. मी आयुष्यभर सायकलवर ड्युटीला गेलेला माणूस, नंतर मोपेड. हिला तर सायकलसुद्धा येत नव्हती, त्यामुळे हिने आधी तीन महिने नातीची सायकल चालवली, रेल्वे कॉलनीतल्या रस्त्यांवर, पहाटे, कोणी बघायच्या आत. तोल सायकलवर आला. मोटरसायकल त्याच्यानंतर सोपी गेली असं ती सांगते.

गाडी निवडताना मुलाने बरीच नावं सांगितली. मी म्हटलं मला फक्त दोन्ही तळवे जमिनीला लागले पाहिजेत. अॅव्हेंजर बघितली, सीट ७३७ मिमी. मीटिऑर ३५० पण बघितली, तीही बुटकी, ७६५, बसायला फार छान, पण १९१ किलो म्हटल्यावर या वयात ढकलायला नको वाटली. अॅव्हेंजरला पाय पुढे असतात त्याची सवय व्हायला आठवडा गेला, ब्रेक शोधायला पाय मागे जायचा. त्याव्यतिरिक्त तक्रार नाही.

आमच्याकडे उन्हाळा काय असतो ते सांगायला नको, मेमध्ये पारा ४५ च्या वर. आम्ही एप्रिल-मेमध्ये पहाटे पाचला निघतो आणि नऊच्या आत घरी, त्यापुढे नाही म्हणजे नाही. वरून ऊन, खालून डांबर, आणि दोन पायांच्या मध्ये इंजिन. हेल्मेटमधून घाम डोळ्यात उतरला की काही दिसत नाही, म्हणून आत सुती रुमाल बांधतो. पाण्याची बाटली दोघांची वेगळी, कारण तहान लागलीय हे हिला सांगायला लाज वाटते आणि मला विचारायचं सुचत नाही.

पहिली लांबची चक्कर चांगदेवला. तापी-पूर्णेच्या संगमावर बसलो, घरून नेलेली कळण्याची भाकरी आणि भरीत खाल्लं. येताना हिने चालवली, मी मागे. ३८ वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदा हिच्या मागे बसलो. सुरुवातीला मला हात कुठे ठेवावा ते कळेना. ही काचेतून बघून म्हणाली, अहो धरा ना नीट.

एवढंच लिहायचं होतं.

अमळनेर

सगळ्यांचं गोड चाललंय म्हणून लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते. आम्ही दोघांनी शिकलो, चार महिने चालवली पण, आणि मग पुलाच्या उतारावर खडी सांडलेली होती तिथे माझी गाडी घसरली, मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. ग्लोव्हज घरी खुंटीला होते. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. त्यानंतर हातात हँडल आलं की छाती धडधडते, मी परत स्कूटीवर आले. यांनी पण स्वतःहून गाडी विकली, मी नको म्हणत होते तरी. मला त्याचंच जास्त वाईट वाटतं. कोणी पडून परत चालवायला लागलं असेल तर कसं ते सांगा.

शहादा

अमळनेरच्या ताई, माझं हाड मोडलं नव्हतं त्यामुळे मी मोठेपणाने काही सांगत नाही, पण घाटाची भीती कशी गेली ते लिहितो, काही उपयोग झाला तर बघा.

आम्हा दोघांच्या दोन गाड्या, दोन्ही सव्वाशे सीसीच्या. श्रावणात तोरणमाळला निघालो, म्हसावद सोडून पुढे चढ लागला आणि धुकं आलं, दहा फुटांपुढचं दिसेना. तिसऱ्या-चौथ्या वळणावर बायको बाजूला थांबली आणि म्हणाली मला नाही जमणार. मी म्हणालो थोडंच राहिलंय चल. हे वाक्य चुकीचं होतं, आता कळतं. ती चालली, पुढच्या वळणावर नजर दरीकडे गेली आणि गाडी पण तिकडेच जायला लागली, कशीबशी थांबली. मग आम्ही परत फिरलो. मी तेव्हा मनातून नाराज होतो, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या वेळी हिवाळ्यात, कोरड्या रस्त्यावर गेलो, तेवढ्याच वळणापर्यंत आणि परत. मुद्दाम. तिथे बसून शेंगा खाल्ल्या, घाट बघितला, आलो. तिसऱ्या वेळी ती पुढे, मी मागे, आणि कुठे थांबायचं ते तिने ठरवायचं असं ठरलं. सहा ठिकाणी थांबलो. वळणावर डोळे दरीकडे नाही, वळण संपतं तिथे ठेवायचे, गाडी डोळ्यांच्या मागे जाते. उतरताना सेकंडमध्ये, न्यूट्रल कधीच नाही, ब्रेक धरून न ठेवता मधून मधून मारायचे. वर यशवंत तलावाकाठी पोहोचलो तेव्हा तिने हेल्मेट काढलं, माझ्याकडे न बघता तलावाकडे बघत उभी राहिली बराच वेळ. मी पण काही बोललो नाही.

जो हळू चालवतो तो पुढे, हे आम्ही तिथून सुरू केलं. मागच्याला पुढचा दिसत राहतो, आणि पुढच्याला मागे राहिल्यासारखं वाटत नाही. तुम्हाला परत बसायचं असेल तर ताई, यांच्याबरोबर नुसत्या अंगणातून गेटपर्यंत चालवा, महिनाभर तेवढंच.

चोपडा

आमचं लग्न होऊन सात महिने झालेत, दोघांनाही येत नाही, बजेट ऐंशी हजारापर्यंत, माझी उंची पाच फूट. नवी घ्यावी का जुनी? आणि उनपदेवपर्यंत जाण्याइतकं किती दिवसांत येईल?

जळगाव

जुनी घे गं, पहिली गाडी आपटणारच, जुनी असली की जीव खालीवर होत नाही. शंभर-सव्वाशे सीसीची, पण घेण्याआधी ओळखीच्या मेकॅनिकला दाखव, आणि क्लचची तार नवीन टाकून घे, जड क्लचवर शिकणारीचे मनगट दुखून येतात. त्या पैशातून दोन आयएसआयची फुल हेल्मेट आणि दोघांचे ग्लोव्हज आधी बाजूला काढा. दिवसांचं मला सांगता येणार नाही, मला पद्मालयापर्यंत यायला चार महिने लागले आणि यांना साडेतीन. अमळनेरच्या ताई, आम्ही येत्या रविवारी सकाळी सहाला परत पद्मालयाला चाललोय, तुम्ही स्कूटीवर या, यांनाही घेऊन या. मी दाल-गंडोरी आणते डब्यात.