काकडी सुटली, मेथी सापडली: श्रेय कोणाचं?

जेलवाली
2011 ची जर्मनीतली ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूची साथ आठवतेय? 26 मे रोजी हांबुर्गने स्पेनच्या काकड्यांवर बोट ठेवलं आणि तिकडच्या शेतकऱ्यांचा माल पडून सडला. काकडीवर विष तयार करणारा ई. कोलाय होताही, पण टायपिंग, म्हणजे जंतूचा नेमका उपप्रकार ओळखणं, झाल्यावर कळलं की रुग्णांमधला ओ104:एच4 हा उपप्रकार तो नव्हेच. म्हणून म्हणते, टायपिंगचा निकाल हातात येईपर्यंत कुठल्याही मालाचं नाव घेऊ नये.

पायपीट
साफ असहमत. 50 हून जास्त माणसं गेली त्या साथीत, निकालाची वाट बघत बसायचं? आणि खरा माल सापडला तो हॉटेलच्या भटारखान्यात. रुग्णांना काय खाल्लं विचारलं तर 88 टक्क्यांना काकडी आठवली, स्प्राउट्स म्हणजे मोड फक्त 25 टक्क्यांना. सॅलडवर भुरभुरवलेले चिमूटभर मोड कोणाच्या लक्षात राहतात! मग तपासवाल्यांनी बिलं काढली, जेवतानाचे फोटो मागवले आणि आचाऱ्याला विचारलं, कशात काय घालतोस. 152 गिऱ्हाइकांत 31 आजारी, आणि सगळ्या 31 जणांच्या ताटात मोड होते.

जेलवाली
आचाऱ्याला सलाम. पण जूनमध्ये फ्रान्समध्ये बोर्दोजवळ लोक आजारी पडले, ते काही जर्मनीतले मोड खाऊन नाही. जंतू तोच निघाला म्हणून दोन्हीकडचं बियाणं तपासलं गेलं आणि धागा इजिप्तहून 2009 मध्ये आलेल्या मेथीपर्यंत पोचला. नाहीतर दोन वेगळ्या फायली झाल्या असत्या.

उसळप्रेमी
मेथी?? आत्ताच फडक्यात बांधून ठेवलीये मोड यायला.

पायपीट
@उसळप्रेमी, नीट शिजवा आणि बिनधास्त खा. कच्चे खाण्यातच घोळ आहे.
@जेलवाली, त्या दाण्यांवर जंतू शेवटपर्यंत सापडला नाही. युरोपने इजिप्तचं बियाणं अडवलं ते खरेदी-विक्रीच्या कागदांवरून. तुमच्या नियमाने मेथीचं नाव आजही घेता आलं नसतं.

जेलवाली
हे लागलं. बियाण्याबाबत माझा नियम मागे घेते. पण काकडीची घाई झाली ती प्रयोगशाळेच्याच अर्ध्या निकालावर: विषाचा जनुक मिळाला होता, सेरोटाइप (ओ104:एच4 सारखा उपप्रकार) यायचा होता. तो 31 मेला आला. ते पाच दिवस थांबायला काय हरकत होती?