फिशटँकच्या कंट्रोलरला रास्पबेरी पाय घ्यावा की ईएसपी३२?

राजारामपुरी_एंजल
नमस्कार मंडळी. घरी तीन फुटी टँक आहे, रुंदी-उंची दीड-दीड फूट, म्हणजे साधारण १९० लिटर. चार एंजल, पंधरा-सोळा निऑन आणि झाडं भरपूर. सध्या हीटर त्याच्या थर्मोस्टॅटवर चालतो, लाईट टायमरवर, आणि कार्बन डायऑक्साइडचा व्हॉल्व्ह माझ्या आठवणीवर. मागच्या महिन्यात लग्नाला पुण्याला गेलो होतो. तिथून फोनवर "आई, ती गोल चावी उजवीकडं फिरव, तुझ्या उजवीकडं" असं सांगताना वऱ्हाड माझ्याकडं बघत होतं.

म्हणून कंट्रोलर करायचाय. तापमान, लाईट, गॅस, उन्हाळ्यात पंखा आणि उडून गेलेल्या पाण्याची भरपाई, एवढं त्यानं सांभाळावं. माझा कल रास्पबेरी पाय ४ कडं आहे, म्हणजे तळहाताएवढा लिनक्सचा कॉम्प्युटर. पायथॉन येतं, शिवाय रीफ-पाय हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर त्याच्यासाठी तयारच आहे. मित्र म्हणतो, ईएसपी३२ चा साधा मायक्रोकंट्रोलर बोर्ड पुरतोय, अर्ध्या लिटर दुधाला टँकर कशाला बोलावतोस? काय करू?

गंगावेशीचा_गडी
मित्र बरोबर बोलतोय भावा. माश्यांना लिनक्स लागत नाही.

मी पण आधी पायच लावला होता. जुलैतली रात्र, धो धो पाऊस, लाईट सात-आठ वेळा गेली-आली. सकाळी बघतोय तर बोर्डावर लाल दिवा तेवढा जळतोय, हिरवा गप्प. पायची सगळी सिस्टिम ज्याच्यावर असते ते मेमरी कार्ड करप्ट. हीटर बंद तो बंदच, पाणी २७ वरून २२ वर. एंजल कोपऱ्यात पंख मिटून उभे. चौथ्या दिवशी निऑनवर पांढरे ठिपके, पुढं दोन आठवडे औषधपाणी. आता ईएसपी३२ आहे. पाचशेच्या आसपास मिळतो, वायफाय त्यातच. लाईट आली की सेकंद-दोन सेकंदांत कामाला लागतो. कार्डच नाही, तर करप्ट काय होणार?

शाहूपुरी_पायथॉन
गंगावेशकर, कार्ड गेलं त्यात पायचा दोष नाही, मांडणीचा आहे. पायच्या सेटिंगमध्ये ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा, म्हणजे कार्डावर काही लिहिलंच जात नाही. नोंदी दुसऱ्या मशीनवर पाठवा आणि हार्डवेअर वॉचडॉग लावा, बोर्ड अडकला की तो आपोआप रीस्टार्ट करतो. संध्याकाळभराचं काम.

आणि या घाईचं मला कौतुक वाटतं! १९० लिटर पाणी एक अंश तापवायला २०० वॅटच्या हीटरला तासाहून जास्त लागतो, तेही उष्णता कुठं गेली नाही असं धरलं तर. मग पाय उठायला अर्धं मिनिट लागलं म्हणून काय बिघडलं?

ईएसपी३२ चे खड्डे कुणी सांगत नाही. वायफाय चालू असताना त्याच्या दुसऱ्या एडीसीच्या (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) पिना वाचता येत नाहीत. १२ नंबरच्या पिनला रिले, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारं स्विच, जोडला आणि सुरू होताना त्या पिनवर व्होल्टेज आलं, तर बोर्ड उठतच नाही. पायला अ‍ॅनालॉग इनपुट नाही हे मान्य, पण ईएसपी३२ चा एडीसी इतका वाकडा की पीएच मोजायला तिथंही बाहेरून एडीएस१११५ ही वेगळी एडीसी चिप लावावी लागते. मग फायदा कुठं राहिला?

गंगावेशीचा_गडी
अजून एक खड्डा मीच सांगतो. ईएसपीहोम हे तयार सॉफ्टवेअर बोर्डावर वापरलं आणि घरातल्या होम असिस्टंट सर्व्हरशी १५ मिनिटं बोलणं झालं नाही, तर बोर्ड आपणहून रीबूट मारतो. ती वेळ शून्य करावी लागते. मी दोन दिवस डोकं फोडून घेतलं तेव्हा कळलं.

पण मर्दा, तुझं सावकाशीचं गणित हीटरपुरतं. पंपाचं काय? तासाला ३०० लिटरचा पंप, म्हणजे मिनिटाला ५ लिटर. प्रोग्रॅम अडकला की पिन होती तशीच राहते. तुझा वॉचडॉग जागा होऊन पाय परत उठेपर्यंत फरशीवर रंकाळा.

पेठेतला_गप्पी
पायसारखाच बोर्ड असलेल्या बीगलबोन ब्लॅकचं नाव कुणीच घेत नाही? ४ जीबीची मेमरी (ईएमएमसी) बोर्डावरच, त्यामुळं कार्डाची कटकट नाही, आणि सात अ‍ॅनालॉग इनपुट. फक्त ती १.८ व्होल्टची आहेत. मी एकाला ३.३ दिले. म्हणून आता माझ्याकडं नाही.

उद्यमनगर_काका
पोरांनो, बोर्डावरून भांडताय, पण पाण्यात २३० व्होल्ट उतरवणाऱ्या रिलेकडं कुणी बघितलं का? आमच्या भाच्यानं असाच कंट्रोलर केला. चालू आणि बंदमध्ये फरक ०.१ अंशाचा. दिवसभर रिले टकटक, टकटक. आठ महिन्यांत कॉन्टॅक्ट चिकटला. फोनवर "हीटर बंद", आणि टँकमध्ये ३४ अंश. त्याचा बोर्ड कुठला होता हे विचारू नका, कुठलाही असता तरी मासे मेलेच असते.

एंजलवाल्या, हीटरचा मूळचा थर्मोस्टॅट काढू नकोस. तो २८ ला ठेव आणि कंट्रोलर त्याच्या आधी सिरीजमध्ये २६.५ ला, त्याच्या चालू-बंदमध्ये अर्ध्या अंशाचा फरक. एक चिकटला तर दुसरा तोडतो. गॅसचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवरचा व्हॉल्व्ह, करंट गेल्यावर बंद होणारा घे. पंपाला पाण्याच्या पातळीवर चालणारे दोन फ्लोट स्विच, वरचा थेट पंपाच्या वायरीत, प्रोग्रॅमला न विचारता तोडणारा. आणि भरपाईचं पाणी पाच लिटरच्या बादलीत ठेव, पिंपात नको. सगळं फसलं तरी पाचच लिटर सांडणार. लाईनला ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की तोडणारा स्विच, लाव, आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर ने.

मला विचारशील तर पंप आणि गॅस ईएसपी३२ वर. आलेख बघायची हौस असेल तर पाय बाजूला ठेव. त्याला रिले जोडू नकोस.

शाहूपुरी_पायथॉन
काका, सिरीजचं शंभर टक्के मान्य. पण मग उरलेलं काम पायही करतोच की. बोर्ड बदलून बेफिकीर राहता येत नाही, एवढंच मला म्हणायचंय. डीएस१८बी२० या तापमानाच्या सेन्सरची वायर सुटली की अर्डुइनोची नेहमीची लायब्ररी उणे १२७ अंश सांगते. तपासणी लिहिली नसेल तर ईएसपी३२ सुद्धा म्हणणार, लई थंडी पडली, लाव हीटर.

गंगावेशीचा_गडी
ते बरोबर. तरी पाय नकोच.

राजारामपुरी_एंजल
काल रात्री हीटर काढून बघितलं. ११ ला २६.४ होतं, सकाळी ६ ला २४.९. सात तासांत दीड अंश. शाहूपुरीकर, तुमचं गणित पटलं. पण पंपाचं ऐकल्यापासून माझी झोप उडालीय. खालच्या मजल्यावर घरमालक राहतात.

ईएसपी३२ मागवलाय. सुरुवात गॅस आणि लाईटपासून, पंप सगळ्यात शेवटी, तोवर बादली घेऊन हातानंच. पायचा विषय पगार झाल्यावर. काका, उद्या संध्याकाळी कंट्रोलरचा डबा घेऊन उद्यमनगरात आलो तर पाच भोकं पाडून मिळतील का? भोकात वायर घट्ट धरणाऱ्या केबल ग्लँड आणल्यात, साइज मात्र बघितली नाही.

उद्यमनगर_काका
ये. सातच्या आत ये, नंतर शटर ओढतो. आणि ग्लँड सोबत आण, भोक मोजून पाडतात.